"तुमाले चौतीसच लागन, ताई!" : ब्रा, टेप आणि आठशे मीटर

आजचा भाग हेडफोन लावून ऐका. मोठ्याने लावलात तरी माझी हरकत नाही, पण घरात मामंजी पेपर वाचत बसले असतील तर तुमची असू शकते. आजचा विषय आहे ब्रा. आपल्याकडे कोणी बॉडी म्हणतं, कोणी नुसतं "आतले कपडे" म्हणून पुढे सरकतं. मी आज ब्राच म्हणणार आहे, आणि पोरांनो, तुम्हीही थांबा, घरात बहीण आहे ना?

चंद्रपूरच्या गोल बाजारात जा, गडचिरोलीत जा, वडसा, मूल, अहेरी, कुठेही जा. संवाद साधारण एकच असतो. काउंटरमागे दादा किंवा काका. तुम्ही आवाज खाली करून म्हणता, "ब्रा दाखवा." ते एकदा वर बघतात आणि निकाल देतात, "तुमाले चौतीसच लागन, ताई." डबा निघतो, कागदात गुंडाळला जातो, काळ्या पिशवीत जातो. घालून बघायला जागा नाही. "हा माल परत घेतला जात नाही" अशी पाटी मात्र आहे. आठवडी बाजारात तर ढिगातून उचलायची, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना बघायचं, आणि चालायला लागायचं.

आता गंमत बघा. त्याच बाईने त्याच दिवशी ब्लाउज शिवायला टाकला, तर टेलरताई टेप काढते. छाती, कंबर, मुंढा, शोल्डर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कटोरी ब्लाउज असेल तर कटोरीचं माप वेगळं. टक्स चुकले तर उसवून परत बसवून देते, आणि आपण हक्काने भांडतोही. चार तासांच्या लग्नासाठी घालायच्या कपड्याला एवढी मापं, आणि रोज चौदा तास अंगाला चिकटून बसणाऱ्या कपड्याला काकांची नजर!

तो "चौतीस" म्हणजे अर्धंच माप आहे. ब्राच्या नंबरात दोन गोष्टी असतात. आकडा म्हणजे छातीखालचा पट्टा, आणि अक्षर म्हणजे कप. ए, बी, सी, डी. आपल्या दुकानांत अक्षर कोणी विचारत नाही, कारण ठेवलेला माल बहुतेक बीच असतो. मग जिला सी किंवा डी लागतो तिला काय देतात? छत्तीस. ते बसलं नाही तर अडतीस. म्हणजे पुढे जागा हवी होती, आणि वाढवला पट्टा. पट्टा ढिला झाला की मागून वर सरकतो, सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो, आणि तिथे ते लाल खड्डे पडतात. खरं तर भार बऱ्याच अंशी खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो. पण आपण पट्टा सोडून अंगालाच दोष देतो. "माझंच अंग बेढब आहे" असं म्हणणाऱ्या किती मुली मला भेटतात!

टेप घ्या, घरात शिलाई मशीन असेल तर तिच्या खणात असेलच. छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, घट्टसर माप घ्या. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप सैल ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे कप. एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी. आकड्याचं मात्र सांभाळा. काही कंपन्या खालच्या मापात दोन-चार इंच मिळवून नंबर देतात, म्हणून डब्यामागचा तक्ता वाचा. आणि दुकानात हवा तो नंबर नसेल तर एक युक्ती आहे. 34 बी चा पट्टा ढिला वाटतो? 32 सी मागा. कप तेवढाच राहतो, पट्टा आवळतो. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, आतले हुक इलास्टिक ताणल्यावर कामाला येतात.

काका म्हणतील, "सी कोणीच मागत नाही जी." अगदी खरं. मागितलंच नाही तर ते मागवणार कशाला?

हे सगळं मला आत्ता का आठवलं, तर भरतीमुळे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पहाटे कुठल्याही मैदानावर बघा, पोलीस भरतीच्या पोरी पळताना दिसतील. महिलांच्या मैदानी चाचणीत 50 गुण, त्यातले 20 एकट्या 800 मीटरला. तिथे सेकंदावर गुण जातात. आणि यातल्या किती पोरी दोन ब्रा एकावर एक घालून, वरून ओढणी करकचून बांधून पळतात! श्वास कोंडतो, काखेत सालपटं निघतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. पळताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरतात, असं त्यांनी मोजून दाखवलं. आधार नसेल तर दुखतं, आणि दुखलं की पाऊल आखडतं. शूजसाठी पोरी घरी भांडतात, बरोबरच आहे. स्पोर्ट्स ब्राचं नाव मात्र बाबांसमोर कोण काढणार?

त्यात पैसा. बाजारातली साधी ब्रा शंभरच्या आसपास येते. पळायला खरंच उपयोगी पडेल अशी घ्यायची तर हजारापर्यंत जायची तयारी हवी. 2025-26 मध्ये आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका ब्रासाठी तीन दिवस माती उपसायची. ऑनलाइन मागवा म्हणणं सोपं. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, तिथे माप चुकलं तर परत पाठवायचं कसं?

आणि वाळवणं! बाहेर दोरीवर टॉवेल, टॉवेलखाली ब्रा. किंवा न्हाणीघरात खिळ्याला. ओलसर इलास्टिक, त्यात चंद्रपूरचा 46 अंशांचा घाम, मग छातीखाली खाज, लाल चट्टे, बुरशी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत आणि रोवण्याच्या वेळी तर दिवसभर कमरेतून वाकायचं. बाई सांगत नाही, पावडर लावते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी करून 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापले, त्यात 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. तो अभ्यास ब्राचा नव्हता. पण न सांगता सोसायची सवय तीच आहे.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यांना कुठे लागायच्या ब्रा? बरोबर. त्या गाठीची चोळी घालायच्या, आणि माडिया बायकांमध्ये लग्नानंतर ब्लाउजच न घालण्याची रीत होती, तिला हल्ली तिथल्याच बायका प्रश्न विचारतायत. हल्लीच्या ब्राचं अमेरिकेतलं पेटंटही 1914 चं, मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीचं, आणि तिची पहिली ब्रा दोन रुमाल आणि रिबिनीची होती. तुम्हाला घालायचीच नसेल तर नका घालू, माझं काही म्हणणं नाही. पण घालायची असेल, तर मापाची घाला.

एक करून बघा. तुमच्या टेलरताईला विचारा, ब्लाउजच्या मापासोबत छातीखालचं एक माप जास्तीचं घेशील का? ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दुकानात चिठ्ठीच पुढे करा. बोलायचीही गरज नाही. भरतीचा ग्रुप असेल तर सगळ्यांची मापं एकत्र करून एकाच दुकानदाराला यादी द्या. दहा नगांची ऑर्डर दिसली की सी पण येतो आणि डी पण.

तुमच्या गावात घालून बघायला जागा देणारं दुकान असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात गावाचं नाव सांगते. आणि ब्रा आज टॉवेलच्या वर वाळत घाला, ऊन चांगलं आहे.