घरातील बार आणि त्याचे माप



घरातील बार कसा करावा, या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझा या विषयाशी संबंध आला तो पॉलिशमुळे. १९८२ च्या संपात वडिलांचे गिरणीतले काम गेले, पाठोपाठ माझी शाळा सुटली आणि मी एका सुतारमिस्त्रींच्या हाताखाली लाकूड घासू लागलो.

काही वर्षांनी एका श्रीमंत घरी आम्ही सागवानी बार केला. मालकांना आरशासारखी झिलई हवी होती. मिस्त्री म्हणाले, "शेठ, वरच्या फळीला सनमायका लावू. लाखेच्या पॉलिशला दारू सोसत नाही." शेठजींनी ऐकले नाही. पहिल्याच मेजवानीत फळीवर पेल्यांची पांढरी कडी उमटली, दोन ठिकाणी पॉलिश चिकट होऊन निघाले. दोष कारागिरांना लागला आणि आमची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. कारण साधे होते. लाख स्पिरिटात विरघळवूनच हे पॉलिश बनते. तिच्यावर मद्य सांडले तर ती पुन्हा विरघळणारच. हे रसायनशास्त्र मी त्या दिवशी शिकलो, आणि कामाचा करार लेखी हवा, हेही त्याच दिवशी शिकलो.

तेव्हा ज्यांना असा बार करावयाचा आहे, त्यांनी आधी मापे नीट घ्यावीत. फळी जमिनीपासून बेचाळीस इंच, स्टूल तीस इंच. मध्ये बारा इंच राहिले म्हणजे मांड्या अडत नाहीत. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली आठ इंचांवर आडवी नळी बसवावी. मागे वावरावयास तीन फूट जागा ठेवावी. फळीला ग्रॅनाइट उत्तम. संगमरवर दिसतो देखणा, पण लिंबाच्या रसाने त्याची झिलई जाते. बाटल्या उन्हापासून दूर ठेवाव्यात. व्हिस्की, रम उभी ठेवावी. बुचाची वाइन आडवी, म्हणजे बूच सुकत नाही.

आणि एक लहानसे माप विसरू नये: तीस मिलिलिटरचे. कित्येक यजमान ते वापरणे कमीपणाचे समजतात. "होऊ द्या हो!" म्हणत हाताच्या अंदाजाने ओततात. पाहुण्याने किती घेतली हे मग त्यालाही कळत नाही, आणि तोच पुढे गाडी चालवीत घरी जातो.

कायद्याचेही माप आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा सुधारणांसह आपल्या राज्यात आजही लागू आहे. पिण्यास परवाना लागतो; व्हिस्की-रमसाठी वयाची पंचविशी पूर्ण व्हावी लागते. घरचा बार झाला म्हणून ही अट सुटत नाही.

न पिणाऱ्याचे आसनही त्याच फळीशी असावे. कोकम सरबताचा जग बाटल्यांच्या रांगेतच पुढे ठेवावा, म्हणजे आपण का घेत नाही, याचा खुलासा कोणाला करावा लागणार नाही. माझे वडील संपानंतर प्यायला लागले ते मित्रांच्या आग्रहाने. तो आग्रह करणारी माणसे वाईट नव्हती, हे मी आज समजू शकतो. पण त्याची किंमत आईने मोजली.

शेवटी, रात्री साडेबारापर्यंत पेले विसळणाऱ्या बाईंचा विचार करा. त्यांचा जादा वेळ धरून पैसे द्या, घरी पोचविण्याची सोय करा. पाहुण्यांसाठी वाहन बोलावता येते, तसे त्यांच्यासाठीही येते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांच्या पेल्यात मिथेनॉल होते. पेल्यात काय आहे आणि किती आहे, हे कळणे हीसुद्धा आपल्याकडे पैसेवाल्यांची चैन ठरली आहे.

आपल्याकडे नवी नवरी माप ओलांडून घरात येते. ते शुभ आहे. बाकीची मापे मात्र घरात सांभाळावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.