जोडवाटा : उपनगराच्या नकाशात राहून गेलेले काम



अमुक शहरात इतके किलोमीटर सायकल मार्ग झाले, अशी बातमी आली की आपल्याला बरे वाटते. मी आज वेगळे मोजमाप सुचवणार आहे : हा मार्ग तुटतो कुठे? दहा वर्षांची मुलगी घरून शाळेत एकटी सायकलने जाऊ शकते का? मध्ये एकच हमरस्ता तिला अडवत असेल, तर अलीकडचा आणि पलीकडचा सुंदर मार्ग तिच्या उपयोगाचा नाही.

नेदरलँड्समध्ये उत्रेख्तजवळ हाउटन नावाचे गाव आहे. 1966 मध्ये सरकारने ते वाढीव वस्तीसाठी निवडले. तेव्हा ते खेडेच होते. आज तिथे सुमारे 50,000 लोक राहतात. वास्तुरचनाकार रॉब डर्क्स यांच्या आराखड्यात गावाभोवती एक वर्तुळाकार रस्ता आहे. मोटार घराजवळ जाते, पण शेजारच्या वसाहतीत जायचे तर तिला बाहेर येऊन त्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. सायकल आणि पायी माणूस मधल्या हिरव्या पट्ट्यातून सरळ जातात. शाळा आणि रेल्वे स्थानक त्याच वाटांवर आहेत. सायकलतळ तर फलाटांच्या खालीच आहे. जवळची वाट कोणाला द्यायची, हे तिथे घरे बांधण्याआधी ठरले. मला या आराखड्याचे मोठेपण यातच दिसते.

रस्ता किंवा लोहमार्ग ओलांडण्याचे तंत्रही डचांकडून शिकण्यासारखे आहे. आपण पादचारी पूल बांधतो. विजेच्या तारा असलेल्या लोहमार्गावरून जायचे तर सहा मीटरहून अधिक चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने आणि भाजीची पिशवी घेतलेल्या बाईने काय करावे? डचांच्या सायकलच्या भुयारी मार्गाला अडीच मीटर उंची पुरते. वरचा रस्ता थोडा उचलायचा, खालची वाट थोडी उतरवायची. उतारावर आलेला वेग पुढच्या चढाला कामी येतो आणि आत शिरण्याआधीच पलीकडचा उजेड दिसतो. रात्री एकट्या बाईला हा उजेड फार महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे येऊ. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, 1982 मध्ये महापालिका झाली. कारखान्यांच्या पाळ्यांना सायकलींच्या रांगा लागत, हे इथल्या जुन्या कामगारांना सांगायला नको. पण जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि पवना नदी यांनी शहराचे लांबट तुकडे केले आहेत. ग्रेड सेपरेटरमुळे, म्हणजे वेगळ्या पातळीवरून नेलेल्या रस्त्यामुळे, मोटारींचे थांबणे वाचले; रस्ता ओलांडणाऱ्याची दमछाक तशीच राहिली. मार्च 2022 मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि प्रश्न आणखी निकडीचा झाला, कारण मेट्रोचा प्रत्येक प्रवासी आधी पादचारी असतो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितली आहे. पदपथ उंच केला की प्रत्येक फाटकापाशी उतरा, पुन्हा चढा. मग माणसे कंटाळून रस्त्यावरून चालतात, आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो! हे मला अन्यायाचे वाटते.

प्रत्येक मेट्रो स्थानकापासून पंधरा मिनिटांत चालत खरोखर कुठवर पोचता येते, याची रेषा नकाशावर काढा. ती गोल येणार नाही. जिथे ती आत दबलेली दिसेल तिथे लोहमार्ग असेल, नाला असेल किंवा एखादी लांबच लांब संरक्षक भिंत असेल. महापालिकेचा पैसा आधी तिथे लागायला हवा.

भिंतींचे काम मात्र आपल्याच हातात आहे. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन सोसायट्यांमधल्या मुलांना शाळेसाठी मुख्य रस्त्यावरून वळसा पडतो. सामायिक भिंतीत माणूस आणि सायकल जाईल एवढे दार काढायला सर्वसाधारण सभेचे दोन ठराव लागतात, एक इकडचा, एक तिकडचा. सुरक्षिततेची शंका येईल, ती रास्तच आहे. तिथे दिवा लावा, रखवालदाराची खुर्ची तिथे हलवा, रात्री दार बंद ठेवा. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला.