सूर्यतेज आणि भूमीची नोंद
(समाजाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपण कोहळी. तलाव बांधणे हे आपल्या पूर्वजांचे जीवितकार्य होते. गोंड राजांच्या काळी त्यांनी घातलेल्या पाळी भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या आजही भिजवीत आहेत. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाशी परंपरा कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडते. उतार कोणता, माती कशी, पाणी येते कोठून व जाते कोठे, हे पाहिल्यावाचून पाळ टिकत नाही. आधी पाहावे, मग बांधावे, ही ती दृष्टी. आज एका नव्या कार्यास ती लावावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ते कार्य सौर विजेचे. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा शासनाने 2023 मध्ये हाती घेतला. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये देण्याची तीत तरतूद आहे. शासकीय पडीक जमिनीही या कामी येतात. ही वीज धूर व राख यांवाचून निर्माण होते. तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचे शेजारी असलेल्या आपणांस तिचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु धूर नाही म्हणून परिणामच नाही, असे मात्र नव्हे.

याचा धडा वाळवंटाने दिला आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात भडला येथे 2245 मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. त्याच वाळवंटात माळढोक पक्ष्याचा अखेरचा मोठा आसरा आहे. या पक्ष्याचा देह जड, समोरची दृष्टी तोकडी. उडताना वीजवाहक तारा त्यास वेळेवर दिसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला व 2024 मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात इव्हानपा येथे 2011 मध्ये कासवे अंदाजापेक्षा अधिक निघाली, म्हणून बांधकामाचा काही भाग थांबवावा लागला. जी भूमी रिकामी वाटली, ती रिकामी नव्हती!

आपल्याकडे वाळवंट नाही. पण गायराने, झुडपी जंगले आणि तलावांचे काठ आहेत. पाण्यावर अंडी घालणारे काही कीटक चकचकीत फलकांनाच पाणी समजतात, हे हंगेरीतील शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दाखविले. तलावांच्या मुलखात हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. उलट, कोरड्या जमिनीत फलकांच्या सावलीमुळे ओल टिकून गवत वाढते, असेही आढळते. म्हणून भय नको आणि भाबडेपणाही नको, मोजदाद हवी. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली अशा सौर प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागत नाही. सबब, ही जबाबदारी गावाने आपण होऊन उचलावी.

रीत सोपी आहे. फलक बसण्यापूर्वी निदान एक वर्ष, तिन्ही ऋतूंत, त्या जागेवरील गवत, पक्षी, कीटक, मातीची ओल आणि विहिरींची पातळी वहीत नोंदवावी. फलक बसल्यावर तीच नोंद त्याच पद्धतीने चालू ठेवावी. शिवाय तशाच मातीचा, फलक नसलेला एक तुकडा तुलनेस राखावा. त्यावाचून गवत सावलीने घटले की पाऊस कमी पडल्याने, हे कळणार नाही. फलक धुण्यास पाणी कोठून व किती घेतले, आणि तारांखाली कोणते पक्षी मेलेले आढळले, हेही लिहावे. भाडेपट्ट्याचा करार करताना या नोंदीसाठी प्रवेशाचा हक्क लेखी मागून घ्यावा. सही झाल्यावर तो मागणे कठीण.

हे आपल्या हातून होईल काय? अवश्य होईल. महाराष्ट्रातील सारस आता मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच उरले आहेत. त्यांची गणना येथील स्वयंसेवक शेतकऱ्यांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तारांनी सारसांचेही बळी घेतले, हे अशा दक्षतेमुळेच उजेडात आले. शाळेत जाणारी आपली मुलेमुली ही वही सहज सांभाळतील.

पूर्वजांनी आपणांस तलाव दिले. आपण पुढच्या पिढीस वीज तर देऊच; तिच्यासोबत त्या भूमीची खरी नोंदही देऊ या. एवढे बोलून आपली रजा घेतो.