मोबाइलमध्ये जुनी कॅसेट कशी चालते? एम्युलेटर, अगदी पहिल्यापासून

आजचा भाग ज्यांनी लहानपणी टीव्हीला वायर लावून गेम खेळलाय त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांनी फक्त मोबाइलवर खेळलाय, त्यांच्यासाठी तर जास्तच.

गेल्या दिवाळीत गावाकडं गेलो होतो, आमच्या परभणी जिल्ह्यात, मानवतजवळ. काकांचा पोरगा ओसरीवर बसून मोबाइलवर मारिओ खेळत होता. यंदा दहावीला आहे तो. मला म्हणाला, "दादा, हा तर तुमच्या टीव्हीवरचा गेम ना? मग कॅसेट नसताना मोबाइलमधी कसा काय चालायलाय?"

मी ऐटीत सांगितलं, "एम्युलेटर आहे तो."

"म्हणजे काय?"

आणि मी गप्प. "म्हणजे... जुन्या मशीनची नक्कल," असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "ते तर नावावरूनच कळतं. कसं करतं ते सांग ना." नाही सांगता आलं. मी बीटेक, सहा वर्षं नोकरी. मायक्रोप्रोसेसरचा पेपर पाठ करून काढलेला, तो असा ओसरीवर उघडा पडला.

त्याचा प्रश्न साधा नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याला दहावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय. काका म्हणतात, घरात कॉम्प्युटर नाही, याला त्यातलं काय कळणार? म्हणजे पोरगं चाचपून बघत होतं की हे आपल्याला जमण्यासारखं आहे का. आणि घरातला इंजिनियरच गप्प बसला!

मग पुण्याला परत आल्यावर मी मुळापासून शिकलो. तेच आज सांगतो.

आधी ते मशीन समजून घेऊ. आपल्याकडं ज्याला सरसकट "टीव्ही गेम" म्हणायचे, ते डबे बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होते. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याच्या प्रोसेसरचा वेग साधारण १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. तुमच्या मोबाइलमध्ये ४ जीबी रॅम असेल, तर ती त्याच्या जवळपास २१ लाख पट झाली. सुपर मारिओचा अख्खा गेम ४० केबीत बसतो. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकच चित्र वापरतात, फक्त रंग बदलून. आता खेळाल तेव्हा नीट बघा.

मग एवढा तगडा मोबाइल तो गेम सरळ का नाही चालवत? कारण भाषा वेगळी. काका मोंढ्यात आडत दुकानात मुनीम आहेत, त्यामुळं मला तिथलंच उदाहरण सुचलं. समजा जुनी वही मोडी लिपीत आहे आणि नव्या पोराला फक्त देवनागरी येते. पोरगं हुशार आहे, हिशोबाला वाघ आहे, पण वही वाचू शकत नाही. मग शेजारी एक म्हातारे मुनीम बसतात. एक ओळ वाचतात, अर्थ सांगतात, पोरगं ते काम करतं. मग पुढची ओळ. वही म्हणजे गेम, पोरगं म्हणजे तुमचा मोबाइल आणि म्हातारे मुनीम म्हणजे एम्युलेटर.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला तीन पायऱ्या म्हणतात: फेच, डिकोड, एक्झिक्यूट. आदेश आणा, अर्थ लावा, काम करा. सेकंदाला लाखो वेळा. नवे, भारी कन्सोल असतील तर एकेक ओळ वाचणं परवडत नाही. मग म्हातारे अख्खं पान एकदाच देवनागरीत उतरवून ठेवतात. पुन्हा तेच पान आलं की पोरगं थेट वाचतं. त्याला डायनॅमिक रीकम्पायलेशन म्हणतात. नाव मोठं, गोष्ट एवढीच.

आता शिकायचं कुठून? थेट फॅमिकॉमवर उडी मारू नका. मी मारली, आपटलो. तिथं प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज हे सगळं एकाच वेळी चालतं, आणि त्यांचा ताल जुळवण्यात नवशिक्या माणूस हरवतो. सुरुवात चिप-८ पासून करा. जोसेफ वाइसबेकर नावाच्या इंजिनियरनं १९७० च्या दशकात हौशी लोकांसाठी बनवलेली ही छोटी भाषा. ४ केबी मेमरी, १६ रजिस्टर म्हणजे आकडे ठेवायचे १६ डबे, आणि ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा. आदेश फक्त ३५ च्या आसपास.

एक आदेश बघू. ६२०५. पहिला ६ म्हणजे "डब्यात आकडा ठेव". २ म्हणजे दुसऱ्या नंबरचा डबा. ०५ म्हणजे आकडा पाच. पुढचा आदेश ७२०३. सात म्हणजे "मिळव". दोन नंबरच्या डब्यात तीन मिळव. झाले आठ. बास, तुम्ही आत्ता डोक्यात एम्युलेटर चालवलात!

हे मी भावाला फोनवर सांगितलं. त्याच्याकडं लॅपटॉप नाही. त्यानं मोबाइलवरच पायथनचं ॲप टाकलं आणि बोटानं टाइप करत सुटला. मी त्याला एक छोटा प्रोग्रॅम पाठवला होता: चेंडू डावीकडं जातो, भिंतीला लागतो, परत फिरतो. त्याच्याकडं चेंडू भिंतीतून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूनं निघायचा. चार रात्री आम्ही दोघं चूक शोधत होतो. आमच्याकडं म्हणतात ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. तसली अवस्था.

चूक काय होती? जुन्या मशीनच्या डब्यात २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. २५५ च्या पुढं गेलं की परत शून्य. म्हणून एक वजा करायचा असेल तर ते २५५ मिळवतात. १ अधिक २५५ म्हणजे २५६, म्हणजे शून्य. शून्य झालं की भिंत आली, परत फिर. पण पायथनचा डबा कितीही मोठा होतो. तिथं २५६ चे २५६ च राहिले, शून्य कधी आलंच नाही, भिंत कधी लागलीच नाही. एक ओळ टाकली आणि चेंडू फिरला. तेव्हा मला एम्युलेशन खरं समजलं. मशीनची ताकद उतरवून भागत नाही, तिच्या मर्यादाही जशाच्या तशा उतरवाव्या लागतात.

अजून एक गंमत. लहानपणीचा गेम एम्युलेटरवर लावला तर मला गाणं घाईत वाटलं. आधी वाटलं, वय झालं आपलं. मग कळलं की जपान-अमेरिकेतली मशीन सेकंदाला ६० चित्रं काढायची. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, तो ५० चा. त्यासाठी बनवलेल्या नकली डब्यांत गेम सहाला पाच या हिशोबानं हळू चालायचा. म्हणजे आमचा मारिओ खरंच निवांत होता. सेटिंगमध्ये ५० केलं आणि परभणीतली दुपार परत आली.

आणि लोडशेडिंग! लाईट गेली की गेम पहिल्यापासून. शेवटची लेव्हल मी कधी बघितलीच नाही. एम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट असतं. अख्खं मशीन म्हणजे शेवटी मेमरीतले आकडेच, ते एका फाइलमध्ये उतरवायचे आणि हवे तेव्हा परत भरायचे. ज्या गोष्टीसाठी आम्ही रडलो, ती काही केबींची फाइल निघाली.

एक सूचना. एम्युलेटर आणि गेम या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील कोर्टानं एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला होता. पण गेमवर कॉपीराइट असतो, कुठल्याही साइटवरून उतरवू नका. हौशी लोकांनी बनवून फुकट दिलेले गेम भरपूर आहेत, शिकायला तेच घ्या.

मागच्या आठवड्यात भावानं काकांना चेंडू दाखवला. काका म्हणाले, "एवढंच? ह्यापेक्षा भारी गेम तर आधीच होता की मोबाइलमधी." मग पोरानं त्यांना मोडीची वही आणि म्हातारे मुनीम समजावून सांगितले. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. रात्री मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, पाऊस, सोयाबीनचा भाव. ठेवता ठेवता म्हणाले, "तुझ्याकडं एखादा जुना लॅपटॉप पडून असला तर बघ बरं."

आहे. बॅटरी गेलेली आहे, पण चार्जर लावला की चालतो. दिवाळीत नेणार आहे.

तोवर तुम्ही चिप-८ चे पहिले सहा आदेश लिहून बघा. आयबीएमचं नाव पडद्यावर आणणारा एक प्रसिद्ध टेस्ट प्रोग्रॅम तेवढ्यावर चालतो. अडलात तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!