लांब शब्द, एकेक तुकडा

आपल्या हापूसला २०१८ साली जे मानांकन मिळालं, त्याचं इंग्रजी नाव 'जिऑग्राफिकल इंडिकेशन'. परगावचं गिऱ्हाईक फोनवर त्याबद्दल विचारतं आणि आपण गटातल्या बायका फोन मुलाच्या हातात देतो. माल आपला, मग बोलायचं त्यानं का?

हनुवटीखाली हात धरा, सावकाश म्हणा: जि-ऑ-ग्रॅ-फि-कल. हनुवटी पाचदा खाली येते, म्हणजे तुकडे पाच. इं-डि-के-शन, चार.

मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एकावर जोर, बाकीचे हलके. जोर भलतीकडे पडला तर समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही. शेवटी 'शन' असेल तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर: इंडिकेशनमध्ये 'के', रजिस्ट्रेशनमध्ये 'ट्रे'. शेवटी 'इकल' असेल तर त्याच्या लगेच आधी, म्हणून 'ग्रॅ'. सर्टिफिकेट जरा खट्याळ आहे. त्यात जोर 'टि'वर, पण सर्टिफिकेशन म्हटलं की तो 'के'वर सरकतो!

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की पाच मिनिटं काढूया. एकीने लेबलावरचा शब्द म्हणायचा, बाकीच्यांनी जोराच्या तुकड्यावर टाळी द्यायची.