विमान आपल्याही पैशावर उडतं. मग पाना आपल्या हातात का नाही?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विमानाविषयी बोलायचं आहे. हसू नका. ज्यांना लोकलचा पास काढायला उसनवारी करावी लागते त्यांच्यापुढे विमानाच्या गप्पा कशाला, असं कुणाला वाटेल. पण मी विमानात बसण्याविषयी बोलत नाही. विमान जोडणं, उघडणं, तपासणं आणि ‘हे विमान उडायला लायक आहे’ म्हणून कागदावर सही करणं, याविषयी बोलतो आहे. ते काम आता आपल्या दारात आलंय. नाशिकजवळ ओझरला आहे, नागपूरला मिहानमध्ये आहे. त्या कामासाठी माणसं तयार करायची म्हणून सरकार पैसाही काढतंय. तो पैसा कुठून निघतो, कुठं मुरतो आणि आपल्या पोराच्या हातात किती पडतो, एवढाच आजचा हिशेब.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्या आपल्या बापजाद्यांच्या घामावर चालल्या. पण साचेखात्यात, जिथं पगार जास्त तिथं, आपल्याला मज्जाव होता. का? तर धोट्याचा दोरा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या थुंकीनं तो बाटायचा. म्हणजे यंत्र विलायती आणि विटाळ गावचा! आगगाडी आली, तिथंही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपण पोस्टरवर लिहितो. पण त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं होतं की रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. वर्कशॉपात त्याला मेकॅनिक म्हणून घेत नाहीत. हा भाग आपण पोस्टरवर लिहीत नाही.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात त्यांनी काय मागितलं? विज्ञान आणि तंत्रशिक्षण. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फारसं भागणार नाही, असं स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस लिहितो! आपल्या पोरांना या शिक्षणासाठी देशात आणि परदेशात पैसे द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्या, असं त्यांनी मांडलं. १९४४ पासून अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती सुरू झाली ती या धडपडीतून. म्हणजे हत्यारावर आणि यंत्रावर हक्क सांगणं हे आपल्या चळवळीचं जुनं कलम आहे. मधल्या काळात ते धूळ खात पडलं.

आता वर्तमानात या. मनमाड ज्या नाशिक जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढं तिथं सुखोई बनली. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तेजसची नवी जोडणी-रांग सुरू झाली. नागपूरला मिहानमध्ये बोइंगनं बांधून दिलेलं विमान-देखभालीचं केंद्र २०१५ पासून आहे. तिथंच दासो आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतला कारखाना फाल्कन विमानांचे भाग बनवतो. २०२५ मध्ये तिथं अख्खं फाल्कन २००० जोडायची घोषणा झाली.

हे काम असतं कसं? विमानाचा पत्रा रिव्हेट मारून जोडतात. अशी हजारो रिव्हेटं. एकजण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. दोघांचा ताल चुकला की पत्रा पोचतो, पोचला की ते काम नापास. भोक किती, नट किती जोरानं कसायचा, सगळं मोजून. प्रत्येक कामाखाली करणाऱ्याची खूण आणि तपासणाऱ्याचा शिक्का. इथं वशिला चालत नाही असं म्हणतात. खरं आहे, पत्र्यापाशी चालत नाही. वशिला चालतो तो गेटपाशी. म्हणून भांडण गेटपाशी आहे.

गेटपर्यंत जायचं तर पैसा लागतो. तो चार वाटांनी येतो. एकेक बघू.

पहिली वाट शिष्यवृत्तीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी मंजूर केले. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्यांचे, आणि विद्यार्थी ४ कोटींवर. आता दुसरा आकडा ऐका. २०१६ साली आपण फ्रान्सकडून ३६ राफेल घेतली, तीही साधारण ५९ हजार कोटींना. इकडं ३६ विमानं, तिकडं ४ कोटी पोरं, किंमत जवळजवळ तीच! विमानं घेऊ नका असं मी म्हणत नाही. आमची किंमत एकदा कागदावर वाचून घ्या एवढंच म्हणतो. आणि या शिष्यवृत्तीत आयटीआयचं पोरगं बसतं सर्वांत खालच्या, चौथ्या गटात. फी वेगळी मिळते; पण २०२१ च्या नियमावलीनं ठरवलेला निर्वाहभत्ता वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ४ हजार, घरून येणाऱ्याला अडीच हजार. वर्षाला! महिन्याचे झाले ३३३ आणि २०८ रुपये. एवढ्यात पोरगं जेवेल, की बसचा पास काढेल, की सेफ्टी शूज घेईल? जातींची उतरंड मोडायला निघालेल्या योजनेनं शिक्षणाची उतरंड लावली आणि हातानं काम शिकणाऱ्याला पुन्हा तळाला बसवलं. मनूला पेन्शन द्यायला हरकत नाही.

तेही वेळेवर येत नाहीत. दिवाळीनंतर फॉर्म, परीक्षेनंतर पैसे. मधल्या काळात पोरगं बिगारीवर जातं, हजेरी कमी पडते, नाव कटतं. मग वर्गातले शहाणे म्हणतात, यांना शिकायचंच नसतं. २०२५ मध्ये तर सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खात्याच्या मंत्र्यांवरच जाहीर तक्रार करायची वेळ आली. बहिणींना जरूर द्या, त्यांत आमच्याही बहिणी आहेत. पण भावाच्या ताटातली भाकरी उचलून बहिणीला वाढायची ही कसली ओवाळणी?

दुसरी वाट आयटीआयची. मे २०२५ मध्ये केंद्रानं १ हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. ३० हजार केंद्राचे, २० हजार राज्यांचे, १० हजार उद्योगांचे. बघा, सहापैकी पाच रुपये जनतेचे आणि एक मालकाचा. पण कारभाराच्या खुर्चीवर उद्योग बसणार. उद्योगानं काय शिकवायचं ते जरूर सांगावं; मशीन त्यांना कळतं. पण कुणाला आत घ्यायचं हेही तेच ठरवणार असतील तर आपलं कोण बसणार त्या टेबलाशी? नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासोच्या मदतीनं विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. चांगली गोष्ट आहे. किती वस्त्यांत त्याची जाहिरात पोचली? आणि महाराष्ट्रात आयटीआयच्या पोराचं विद्यावेतन २०२३ पर्यंत किती होतं माहीत आहे? महिन्याला ४० रुपये. चहाचे सुद्धा नाहीत. ते ५०० केले म्हणून टाळ्या घेतल्या. २०२४ मध्ये राज्यातल्या आयटीआयमध्ये संविधान मंदिरं उभारली. संविधानाचं मंदिर करायला आम्ही सांगितलं होतं का? संविधान लेथवर आणा, हजेरीपटावर आणा, नोकरीच्या पत्रावर आणा. फुलं आम्ही घरी वाहू.

तिसरी वाट शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे ॲप्रेंटिसची. बाबासाहेबांनी मागितली होती तीच. १९६१ चा कायदा आहे. १९७३ मध्ये त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायचं कलम ३ अ आलं. ते खासगी कारखान्यालाही लागू आहे. खासगीत आरक्षण नाही म्हणून रडणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी हे कलम वाचलंय? ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत, असा नियम आहे. २०१९ च्या नियमांनी त्यांचं किमान विद्यावेतन ५ ते ९ हजार ठरवलं. २०१६ पासूनच्या योजनेत त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त दीड हजार, सरकार भरतं. इथवर ठीक. आता मेख ऐका. याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की शिकाऊ हा कामगार नव्हे. म्हणजे कामगार कायदा नाही, युनियन नाही. आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरीत घ्यायचं बंधनही मालकावर नाही. एक बॅच गेली की दुसरी हजर. सरकारी मदतीनं स्वस्त हात आणि वर उपकार!

याच्या शेजारी तीन-चार महिन्यांच्या सर्टिफिकेटांचा बाजार आहे. कौशल्य विकासाच्या केंद्रीय योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढं आला. १०० पैकी ९० हून जास्त उमेदवारांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य किंवा काहीच नाही! पोरं कागदावर शिकली, कागदावर पास झाली. म्हणून सांगतो, फुकट टीशर्ट आणि टोपी देणाऱ्या कोर्सला भुलू नका. दोन वर्षांचा ट्रेड, मग ॲप्रेंटिस, ही वाट लांब आहे पण पक्की आहे.

चौथी वाट सर्वांत मोठी आणि आपल्याला सर्वांत कमी ठाऊक. तिला ऑफसेट म्हणतात. सरकार परदेशी कंपनीकडून मोठी शस्त्रखरेदी करतं तेव्हा अट असते की किमतीतला ठराविक वाटा तू भारतातल्या उद्योगात परत घालायचा. राफेलच्या सौद्यात तो ५० टक्के होता. मिहानमधला दासोचा कारखाना त्या अटीतून आला. बोइंगचं केंद्रही एअर इंडियाच्या विमानखरेदीतल्या कबुलीतून आलं, आणि तेव्हा एअर इंडिया सरकारी होती. मग हे कारखाने नुसते खासगी कसे? त्यांच्या पायात जनतेचा पैसा आहे. काडेपेटीवर कर भरणाऱ्या माझ्या आईचा आहे. जमीनही जनतेचीच. मिहानसाठी शिवणगाव, खापरीसारख्या गावांच्या जमिनी गेल्या. सातबारा होता त्याला मोबदल्यासाठी भांडता तरी आलं. जो त्या रानात मजुरीला जायचा त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तो बहुतेक आपलाच होता. आता त्याचा पोरगा त्या गेटवर सिक्युरिटीचा ड्रेस घालून उभा राहणार, की आत हँगरमध्ये पाना घेऊन? खरा सवाल हा आहे.

हँगरमध्येही दोन जाती आहेत, लायसनवाले आणि बिनलायसनवाले. डीजीसीएचं देखभाल-लायसन ज्याच्याकडे त्याच्याच सहीनं विमान उडतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, मग मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मॉड्यूलवार परीक्षा आणि विमानावर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव. खासगी संस्थांच्या फिया लाखांत. तिथं आपली गाडी अडते. पोरगं हुशार असूनही आयुष्यभर हेल्पर राहतं आणि सही दुसरा मारतो.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत.

एक : आयटीआयला चौथ्या गटातून वर काढा. निर्वाहभत्ता वर्षाच्या आकड्यात नको, महिन्याच्या महिन्याला आणि पोट भरेल इतका.

दोन : अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा करा. आंध्र आणि कर्नाटकात २०१३ मध्येच असे कायदे झाले.

तीन : ऑफसेटमधून किंवा सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक विमान कारखान्यात आरक्षण. पैसा सार्वजनिक, तर भरतीही सार्वजनिक.

चार : ॲप्रेंटिस पास झालेल्याला कायम नोकरीत अग्रक्रम, आणि कलम ३ अ चा हिशेब दरवर्षी फलकावर.

पाच : लायसनच्या अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची पूर्ण फी सरकारनं भरावी, मुलींसाठी कारखान्याजवळ वसतिगृह आणि रात्रपाळीला बस.

मागण्या लिहून झोपायचं नाही. इथून गेल्यावर प्रत्येक शाखेनं आपल्या भागातल्या एका आयटीआयवर आणि एका कारखान्यावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. राखीव जागा किती, भरल्या किती, शिष्यवृत्ती कुठल्या तारखेला आली, शिकाऊ किती घेतले, त्यांतले कायम किती झाले. पाच प्रश्न, दहा रुपयांचा अर्ज. कारखाना खासगी असला तर त्याची माहिती सरकारच्या प्रशिक्षण खात्याकडे मागा. दुसरं काम, वस्तीतल्या दहावीच्या पोरापोरींना बसवून फॉर्म भरून घ्यायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधी हातात. मोर्चा निघायला वेळ लागतो, फॉर्मची तारीख थांबत नाही.

आपल्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. बापानं मस्टरवर सही केली. आपल्या बहिणीनं, भावानं विमानाच्या कागदावर सही करायची आहे आणि तिच्याखाली आपलं आडनाव नीट, वाचता येईल असं लिहायचं आहे. ज्यांना ते आडनाव वाचून अस्वस्थ वाटेल त्यांनी विमानातून उतरावं.

जयभीम!