नवजात बालकाचे पहिले एकवीस दिवस



घरात बाळ जन्माला आले की त्याचे वजन, वर्ण व रडणे सर्वांच्या लक्षात येते. त्याला ऐकू येते की नाही, हे मात्र वरवर पाहून कळत नाही. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे सांगून वडीलधारी मंडळी धीर देतात. अशा धीर देण्यातच भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे बहिरेपणाचे एक अल्पपरिचित कारण आणि त्याची वेळेवर करावयाची तपासणी.

ते कारण म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस, संक्षेपाने सीएमव्ही. हा विषाणू कांजिण्या व नागीण यांच्या विषाणूच्याच कुळातील आहे. एकदा शरीरात शिरला की तो जन्मभर सुप्तावस्थेत राहतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. परंतु गर्भवतीकडून वारेतून तो गर्भापर्यंत पोहोचला, तर बाळाच्या श्रवणेंद्रियाला व मेंदूला इजा होऊ शकते. पाश्चात्त्य देशांत सुमारे २०० जन्मांमागे एका बाळाला हा संसर्ग आढळतो. विकसनशील देशांत हे प्रमाण अधिक आहे. आनुवंशिक कारणे वगळता, बालपणातील बहिरेपणाचे हे एक प्रमुख कारण होय.

या संसर्गाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे मौन. बाधित बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळे जन्मतः निरोगी दिसतात. त्यांतील १० ते १५ टक्के बाळांना पुढे श्रवणदोष जडतो, तोही कधी जन्मानंतर काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी. म्हणून जन्मवेळची श्रवणचाचणी उत्तीर्ण झालेले मूलही पुढे ऐकेनासे होऊ शकते.

निदानासाठी बाळाची लाळ किंवा लघवी घेऊन पीसीआर चाचणी करतात. ती जन्मापासून २१ दिवसांच्या आत होणे अगत्याचे आहे. त्यानंतर विषाणू सापडला, तरी तो गर्भातच आला की जन्मानंतर लागला, हे खात्रीने सांगता येत नाही. आईच्या दुधातही हा विषाणू असू शकतो. म्हणून लाळेचा नमुना दूध पाजल्यावर लगेच न घेता साधारण तासाभराने घेतात व दोष आढळल्यास लघवीच्या चाचणीने खात्री करतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून लागलेला संसर्ग सहसा बाधत नाही. त्या भीतीने स्तनपान थांबवू नये.

अमेरिकेतील युटा राज्याने २०१३ मध्ये कायदा करून, श्रवणचाचणीत अनुत्तीर्ण ठरलेल्या बाळांची सीएमव्ही तपासणी सुरू केली. कॅनडातील ओंटारियो प्रांताने २०१९ पासून, तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ पासून नवजात बालकांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सर्वांसाठी आरंभली. या पद्धतीत काही बाधित बाळे निसटतात, हेही खरे आहे.

भारतात अशी सार्वत्रिक तपासणी नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. परंतु त्यामागील विषाणूचा शोध घेण्याचे काम बहुधा पालकांच्या व डॉक्टरांच्या जागरूकतेवरच राहते. येथील बहुसंख्य स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे गरोदरपणातील ‘टॉर्च’ तपासणीत जुन्या संसर्गाची खूण दिसली, म्हणून बाळ बाधित आहे असे ठरत नाही आणि त्यावरून सुनेला दोष देणे तर सर्वथा अनुचित होय. खरे उत्तर बाळाच्या तपासणीतच मिळते.

बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, ही रूढी विश्रांतीच्या दृष्टीने हितकर आहे; परंतु २१ दिवसांची मुदत तोवर उलटून जाते. म्हणून प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच श्रवणचाचणी करून घ्यावी. बाळ तीत अनुत्तीर्ण झाले, तर ‘पुढे पाहू’ न म्हणता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना सीएमव्ही तपासणीविषयी विचारावे.

निदान झाल्यावर मार्ग खुंटत नाही. लक्षणे असलेल्या निवडक बाळांना, शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध देतात. त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. ज्या बाळांना औषधाची गरज नसते, त्यांचीही श्रवणशक्ती काही वर्षे ठरावीक अंतराने तपासली जाते. दोष आढळताच श्रवणयंत्र, वाचोपचार किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांचा आधार देता येतो.

या विषाणूवर अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. प्रतिबंधाचे उपाय मात्र घरगुती आहेत. लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून तो पसरतो. म्हणून गर्भवतीने थोरल्या मुलाचे उष्टे खाऊ नये, त्याचा चमचा-पेला वापरू नये, त्याच्या ओठांचा मुका घेऊ नये आणि त्याचे लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत.

बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या आप्तेष्टांनी बाळाचे नाव जरूर विचारावे. त्याचबरोबर ‘कानांची तपासणी झाली का?’ एवढेही विचारावे. एकवीस दिवसांच्या आत विचारलेला हा प्रश्न एखाद्या बालकाला त्याचे नाव ऐकण्याची संधी देऊ शकेल.